म्हशीच्या दुधातला बॉम्ब

आमच्या पिंपरीच्या घरात दोन सत्ता होत्या. ओट्यावर नानांची आणि गोठ्यात आईची. नाना म्हणजे माझे वडील. दापोडीच्या एका कारखान्यात ते स्टोअरकीपर होते. दिवसभर नट-बोल्ट मोजून द्यायचे आणि मोजून घ्यायचे. पण व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी सातवी, पास झालेला माणूस नट-बोल्टांवर थोडाच समाधान मानतो! साहेबांच्या खोलीतलं वर्तमानपत्र वाचून झालं की शिपाई ते नानांना द्यायचा आणि नाना जेवणाचा रिकामा डबा त्यातच गुंडाळून लोकलने घरी यायचे. त्यामुळे जगातली कुठलीही उलथापालथ आमच्याकडे आली तरी तिला लोणच्याच्या तेलाचा वास असायचा. हातपाय धुऊन, चहा घेऊन नाना ओट्यावर बसत, तेलाच्या डागातून अक्षरं निवडत मोठ्याने वाचत, आणि आजूबाजूचे सातआठजण समोर उकिडवे बसून ऐकत. गंगाराम शिंपी तर शिवणयंत्रावर कापड अर्धवट सोडून यायचा.

आई चिखलीच्या शेतकऱ्याची लेक. तिला अक्षरओळख नव्हती आणि त्याचं दुःखही नव्हतं. वर्तमानपत्राबद्दल तिचं मत चांगलं होतं, कारण ते फळीवर अंथरायला बरं पडायचं. लग्नानंतर तिच्या भावाने तिला एक म्हैस दिली होती, काशी. काशीची लेक राणी. या दोघींचं दूध अकरा घरी रतीबाने जायचं आणि त्यावर आमच्या घराचं निम्मं चालायचं, हे नाना सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. पहाटे मला जाग यायची ती पितळेच्या चरवीत पडणाऱ्या धारेने. सुरुवातीला ती धार खणखणीत वाजायची, मग चरवी भरत जाईल तशी तिचा आवाज जड व्हायचा. गोधडीतून डोकं बाहेर न काढता आज किती शेर निघालं ते मी सांगू शकायची. भिजवलेल्या सरकीचा वास, शेणाचा वास आणि चुलीवर पहिल्या चहाचं आधण, असा आमचा दिवस उजाडायचा. मग आई डोक्यावर चरवी घ्यायची, मी पावशेराचं माप घ्यायची, आणि शाळेच्या आधी आम्ही अकरा दारं करून यायचो. नानांनी दुधाच्या भांड्याला कधी हात लावला नव्हता. फायनल पास माणसाला ते शोभत नसे.

अकरावं दार कॅम्पातलं होतं. सिंधमधून आलेली माणसं तिथल्या बराकींत राहायची. एका बराकीत मध्ये पोत्याचे पडदे लावून तीन-तीन संसार. मोहिनीबाईचा नवरा सायकलवर कापडाचे तागे बांधून गावोगाव विकायचा. तिची जया तेव्हा पाच महिन्यांची होती. मोहिनीबाईला अंगावर दूध नव्हतं, त्यामुळे ती पोरगी जन्मल्यापासून आमच्या काशीवर वाढत होती. पावशेर दूध, त्यात पाणी घालून, उकळून, चोचीच्या बोंडल्याने. इतर घरी दूध चहाला लागायचं, इथे जीव होता दुधावर. म्हणून आई तिथे माप भरल्यावर वर आणखी एक धार सोडायची. जया आम्हाला बघून हातपाय झाडायची आणि आई म्हणायची, "काशीची धाकटी लेक हाय ही."

आता नानांच्या वाचनाबद्दल सांगायला हवं. नाना खोटं बोलत नसत. हे मी त्यांची मुलगी म्हणून सांगत नाही, ते खरंच बोलत नसत. पण बातमी जशी छापली असेल तशीच्या तशी समोरच्याला देणं त्यांना पाहुण्यापुढे नुसता भात वाढल्यासारखं वाटायचं. वर थोडं वरण, तूप, लिंबाची फोड हवीच. त्यात ऐकणाऱ्यांची सवय अशी की कुठलीही बातमी आली की गंगाराम विचारायचा, "पर नाना, आपल्यापातूर येतंय का ते?" रशियाने चंद्राच्या वाटेवर काही सोडलं तरी हाच प्रश्न आणि चीनमध्ये पूर आला तरी हाच. नाही म्हटलं की मंडळी तंबाखूची चंची सोडायची आणि नानांच्या हातून सभा निसटायची. म्हणून नाना सहसा नाही म्हणत नसत.

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली होती तेव्हाची गोष्ट. विलायतेत कुठेशी अणूच्या भट्टीला आग लागली, धूर वाऱ्यावर गेला, कुरणांवर बसला, गवतातून गाईंच्या दुधात उतरला आणि सरकारने आसपासच्या गोठ्यांतलं सगळं दूध ओतून द्यायला लावलं, अशी बातमी होती. अणुबॉम्ब तोवर आमच्या ओट्याला परिचयाचा झाला होता. जपानातल्या दोन शहरांची राख झाली हे नानांनी इतक्या वेळा सांगितलं होतं की आम्हा पोरांना ती शहरं लोणावळा-खंडाळ्यासारखी जवळची वाटायची. पण बॉम्ब न पडता, नुसत्या भट्टीच्या धुराने दूध नासतं, हे नवीन होतं. गंगारामने विचारलं, आपल्यापातूर येतंय का? पहिल्या दिवशी नाना म्हणाले की बघावं लागेल. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले की वाऱ्याला काय पासपोर्ट लागतो? तिसऱ्या दिवशी धूर समुद्रावरून मुंबईला पोचला. चौथ्या दिवशी तो बोरघाट चढला आणि लोणावळ्याच्या गवतावर बसला. आणि त्यात ही मोठी राष्ट्रं आपल्या देशापासून लांब, दुसऱ्यांच्या समुद्रात बॉम्ब फोडून बघतात, त्याची राख ढगांत जाते आणि पाऊस सगळ्यांवर पडतो, हेही त्यांनी जोडून टाकलं. त्या दिवशी कुणीही तंबाखूची चंची सोडली नाही. नानांचा चेहरा इतका समाधानी मी क्वचित पाहिला. लोणावळा ओलांडला की पुढे पिंपरीच येते आणि पिंपरीत अकरा घरी दूध कोण घालतं, हा एवढा हिशेब मात्र त्या फायनल पास डोक्यात आला नाही.

पाचव्या दिवशी सकाळी पहिल्या दाराशी आम्हाला सांगण्यात आलं की आज दूध नको. दुसऱ्या दाराशीही नको. वसुबारस होती. बायका त्या दिवशी दूधदुभतं खात नाहीत, तेव्हा आईला फारसं काही वाटलं नाही. पण उपास बायकांचा, मग पुरुषांच्या चहाचं काय, असं ती वाटेत एकदा पुटपुटली. दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशी. तेव्हा एका घरी पोरांना खोकला झाला होता, एका घरी दूध उतू गेल्याने अपशकुन झाला होता, एका घरी पाहुणे अचानक गेले होते, आणि गंगाराम शिंप्याची बायको तर म्हणाली की आम्ही कोरा चहा प्यायला लागलोय, पित्ताला बरा. ऐन दिवाळीत पित्त! सहाव्या दारापर्यंत आईने ऐकून घेतलं. सातव्या घरी एक म्हातारी राहायची, तिला लबाडी जमत नसे. ती म्हणाली, "तुझाच मालक सांगतोय नव्हं, दुधात बाँब आलाय म्हणून? मग आमी कसं प्यावं बाई?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. एकट्या मोहिनीबाईने नेहमीसारखं भांडं पुढे केलं. आईने तिथे दोन धारा वर सोडल्या आणि घरी येताना मला म्हणाली की या शिकल्यासवरल्यांपरीस ती बाई शहाणी. मग घरात शिरून ती नानांना एक अक्षर बोलली नाही. आईचं न बोलणं हे तिच्या बोलण्यापेक्षा वाईट असे. तिने उरलेलं सगळं दूध चुलीवर चढवलं आणि त्या दिवसापासून नानांच्या पानात दुधाशिवाय काही पडेना. सकाळी खीर, दुपारी कढी, संध्याकाळी बासुंदी, पाणी मागितलं तर ताक. आम्हा पोरांची चंगळ झाली. नानांनी दुपारच्या कढीलाच हात टेकले, पण भाकरी मागायची सोय नव्हती. "पेपरात काय लिवलंय, बगा," आई इतकंच म्हणाली, "बासुंदीत बी बाँब ऱ्हातो का जातो."

नानांनी मग शास्त्रशुद्ध तोडगा काढला. कडबा मागच्या सालचा आणि आग यंदाची, तेव्हा म्हशींना हिरवा चारा बंद करून नुसता जुना कडबा घालायचा. मामा चिखलीहून हिरव्या गवताची गाडी घेऊन आला होता, तो भारे खाली उतरवता उतरवता थांबला आणि मेहुण्यांकडे बराच वेळ बघत राहिला. काशीनेही कडब्याकडे तसंच बघितलं. आज मी हे हसत लिहिते आहे खरी, पण पुढे कितीतरी वर्षांनी परदेशात एका अणुभट्टीचा मोठा अपघात झाला आणि तिथल्या शेतकऱ्यांना सांगितलं गेलं की गुरं कुरणात सोडू नका, आधीचा साठवलेला चारा घाला. ते वाचून मी चष्मा काढून ठेवला होता. आमच्या गोठ्यात मात्र तो शोध संध्याकाळपर्यंतही टिकला नाही. आईने भारे उतरवून घेतले आणि नाना ओट्यावर गेले.

नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान, फराळ वगैरे उरकून आम्ही चरवी घेऊन निघालो. आता रतीब एकाच घरचा राहिला होता, पण आई निघाली. दूध घालून परतताना वाटेत माझ्या लक्षात आलं की माप मोहिनीबाईकडेच राहिलं. मी धावत मागे गेले. बराकीच्या मागच्या बाजूला मोहिनीबाई वाकून उभी होती. तिच्या पायाशी एक कुत्रं, आणि ती आमचं दूध त्याच्यापुढच्या खापरात ओतत होती. कुत्र्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. मला बघून ती तशीच उभी राहिली, भांडं तिरकंच.

मी आईला बोलावून आणलं. पोत्याचा पडदा बाजूला करून आई आत गेली. जया खाटेवर पडली होती. रडत होती, पण आवाज नव्हता, नुसतं तोंड उघडत होतं. तीन दिवस तिला साखरपाण्यावर आणि पेजेच्या निवळीवर ठेवलं होतं. ओठ सुकले होते, टाळू आत गेली होती. मोहिनीबाई काही चोरून करत होती असं नाही. तिने नानांचं ऐकलं होतं, तिच्या नवऱ्याने संध्याकाळी ओट्यासमोर उभं राहून ऐकलं होतं. दूध घेणं बंद केलं तर आईला वाईट वाटेल आणि पुढे रतीब मिळणार नाही म्हणून ती घेत होती आणि ओतून देत होती. आमची कीव करत होती ती, आणि आम्ही तिला शहाणी म्हणत होतो. आईने मला सांगितलं, "जा, त्यांना घिऊन ये. हाय तसं."

नाना हाय तसे, म्हणजे उटण्याच्या वासासकट, खांद्यावर पंचा टाकून आले. बराकीत ते पहिल्यांदाच आले होते. बाहेर चार बायका जमल्या होत्या. जयाकडे बघून नानांचा चेहरा उतरला. इतका उतरलेला चेहरा मी पुढे आजी गेली तेव्हाच पाहिला. मोहिनीबाईने डोक्यावरचा पदर सावरला आणि नानांना सरळ विचारलं. तिचं बोलणं अर्धं हिंदी, अर्धं आमचं.

"भाऊ, आप पढ़े हुए हो. हम उधर से निकले तो सब बोले, हद पार कर लो, फिर डर नहीं. एक बच्चा रास्ते में गया, तरी आलो. आता हे हवेतून येतं, इसको कौन सी हद रोकेगी? मला सांगा. दूध देऊ की नको देऊ?"

नानांच्या आयुष्यात असा श्रोता आला नव्हता. ओट्यावरची मंडळी ऐकून घरी जायची आणि जेवायची. ही बाई त्यांच्या शब्दावर पोरगी उपाशी ठेवून बसली होती. मी त्यांच्याकडे बघत होते. मला वाटत होतं आता ते काहीतरी मोठं बोलतील, आणि मनातून मला तेच हवं होतं, कारण माझे वडील सगळं जाणतात असा त्यांचा माझ्या वर्गात बोलबाला होता. नाना खाली बसले, जमिनीवरच.

"बाई, मला वाचता येतं," ते म्हणाले. "कळतं असं नाही. विलायतेचं पेपरात होतं. मुंबईचं आणि लोणावळ्याचं मी घातलं. माझ्या मनाचं."

मोहिनीबाईने खाटेकडे बघितलं. "म्हणजे देऊ?"

पावसाबद्दल, ढगांबद्दल जे त्यांनी सांगितलं होतं त्यातलं किती खरं, हे त्यांना तरी कुठे माहीत होतं! पण समोर टाळू आत गेलेलं पोर होतं. "द्या," ते म्हणाले. "मी सांगतो म्हणून द्या. काही झालं तर माझ्या दारात या."

आईने तोवर चूल पेटवून दूध कोमट केलं होतं. पोरीला बोंडलं ओढायची ताकद नव्हती, म्हणून आईने कापसाचा बोळा केला आणि थेंब थेंब पाजायला घेतलं. पहिले दोन बोळे तसेच गालावरून ओघळले. तिसरा तिने चोखला. नंतर ती चोखतच राहिली आणि मोहिनीबाई भिंतीला टेकून रडायला लागली. मीही रडले. का ते मला तेव्हा नीट कळलं नाही, आता कळतं. पोरीसाठी थोडं आणि नानांसाठी बरंच. घरी येताना नाना आमच्या चार पावलं मागून चालत होते. वेशीपाशी त्यांनी आईला विचारलं, "अगं, बरोबर सांगितलं का मी?" आई न थांबता म्हणाली, "पोर प्यालं न्हवं? मग झालं."

पाडव्याच्या दिवशी सकाळी नानांनी नवं धोतर नेसलं, टोपी घातली आणि गोठ्यात जाऊन चरवी उचलली. आईने ती डोक्यावर ठेवून देऊ का विचारलं, तर म्हणाले की हातात नेतो. पहिल्या वळणालाच धोतरावर दूध सांडलं. मी माप घेऊन मागून. पाडव्याला माणसं एकमेकांकडे भेटायला जातातच, त्यामुळे दारं उघडी होती. प्रत्येक दारी नाना उभे राहिले आणि म्हणाले की धूर घाट चढलेला नाही, तो मीच चढवला होता, चूक झाली, दूध घ्या. दहा घरी दहा वेळा. काही जण हसले, काहींनी लाडू हातावर ठेवला, सातव्या घरच्या म्हातारीने आधी तुम्ही प्या म्हणून सांगितलं आणि नानांनी, तीन दिवसांच्या बासुंदीनंतर, तिच्यासमोर पावशेर कच्चं दूध घटाघटा संपवलं. गंगारामच्या बायकोचं पित्त त्याच दिवशी बरं झालं. संध्याकाळी ओट्यावर मंडळी पुन्हा जमली आणि नानांनी वाचायला सुरुवात केली. पण त्या दिवसापासून प्रत्येक बातमीनंतर ते थांबायचे आणि म्हणायचे, "छापलेलं इथवर." मग पुढे जे सांगायचे ते सगळ्यांना ठाऊक असायचं, आणि मंडळी त्याचीच वाट बघत बसायची.

जया जगली, मोठी झाली, तिचं लग्न झालं, तिच्या नातवंडांचे फोटो मला फोनवर येतात. नानांची नजर मात्र म्हातारपणी गेली. मी माहेरी गेले की त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायची. रविवारच्या पुरवणीत एकदा एक लेख निघाला. मोठ्या राष्ट्रांनी त्या वर्षांत उघड्यावर जे बॉम्ब फोडून पाहिले, त्यांची धूळ सगळ्या पृथ्वीभोवती फिरली, पावसाबरोबर जिथे तिथे उतरली, गवतात गेली, दुधात गेली, आणि तेव्हाच्या मुलांच्या दुधाच्या दातांत ती सापडली, कुठे कमी, कुठे जास्त. मी मनातल्या मनात वाचत गेले. म्हणजे घाटाचं नानांनी घातलं असेल, पण ढगाचं खरं होतं. काशीच्या दुधात ते होतं, माझ्या दातांत होतं, जयाच्याही असेल. ज्यांनी बॉम्ब फोडले त्यांच्यातला कुणी चरवी घेऊन दारोदार चूक झाली म्हणत हिंडल्याचं मी अजून वाचलेलं नाही. मला राग आला आणि त्याच वेळी समोर बसलेल्या आंधळ्या म्हाताऱ्याची काळजी वाटली. मोहिनीबाईला द्या म्हणून सांगितलं, ते रात्री झोपताना अजून आठवतं असं ते मला एकदा म्हणाले होते.

"थांबलीस का?" नानांनी विचारलं. "काय आहे त्या पानावर?"

"हवामान आहे," मी म्हणाले. "आकाश निरभ्र राहील म्हणतात."

"कुठलं?"

"इथलंच. पिंपरीचं."

नानांनी कान माझ्याकडे केला. बातमीत माणूस आपल्या पदरचं घालतो तेव्हा आवाज कसा होतो, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार!

"पिंपरीचं छापत नाहीत," ते म्हणाले. "पण वाच तू."